टीजी-७: कातळावर आणि बर्फात एका हाताने चालणारा कॅमेरा

चढाई आणि स्कीइंगसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की चर्चा सेन्सरपासून सुरू होते. आधी बघायला हवं ते दुसरंच. जाड हातमोजा घातलेल्या एका हाताने कॅमेरा खिशातून काढला, चालू केला, फोटो घेतला आणि परत आत टाकला, हे जमतं का? दुसरा हात दोरावर असतो, नाहीतर स्कीच्या काठ्या सांभाळत असतो. एवढ्या एका कसोटीवर बरेच महागडे कॅमेरे बाद होतात. उरलेल्यांत ओएम सिस्टीमचा (पूर्वीची ऑलिंपस) टीजी-७ आमची पहिली पसंती आहे. फोटोच्या दर्जात मात्र तो पहिला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

‘मोबाइल आहे की’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: हातमोज्याने पडदा धड चालत नाही, त्यावर बर्फ वितळून थेंब आले की भलतंच काहीतरी दाबलं जातं आणि थंडीत बॅटरी बऱ्यापैकी दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो. शिवाय नकाशा आणि मदतीचा फोन त्याच यंत्रात असतो. सुळक्यावरून फोटोपायी फोन घालवणं परवडणारं नाही.

टीजी-७ सप्टेंबर २०२३ मध्ये आला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत सुमारे ५५० डॉलर. आतला ऐवज बराचसा २०१९ च्या ऑलिंपस टीजी-६ चाच आहे: १२ मेगापिक्सेलचा १/२.३ इंची सेन्सर, २५ ते १०० मिमीच्या तोडीची लेन्स (२५ म्हणजे रुंद दृश्य, १०० म्हणजे पूर्ण झूम) आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलची सोय. बॅटरी-कार्डासकट वजन २४९ ग्रॅम. नवं म्हणावं असं मुख्यतः यूएसबी-सी. त्यामुळे चांगल्या अवस्थेतला टीजी-६ स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त मायक्रो-यूएसबीची वायर वेगळी सांभाळावी लागेल. दोन्हींची खरी जमेची बाजू म्हणजे झूम पूर्णपणे आतल्या आत होतो. चालू करताना लेन्सची नळी बाहेर येत नाही, म्हणून फटीत बर्फ, खडूची भुकटी किंवा घाटातली लाल धूळ शिरायला जागाच नाही.

कंपनीचे आकडे असे: १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचा दाब, उणे १० अंश थंडी. ते कंपनीने ठरवलेल्या चाचणीतले आहेत, हे ध्यानात ठेवा. तैलबैल्याच्या भिंतीवरून निसटलेला कॅमेरा दोन मीटरवर थांबत नाही. दुसरं असं की जोराचा आपटा बसल्यावर पाणी न शिरण्याची खात्री राहत नाही. कॅमेरा वरून धडधाकट दिसतो, पण झाकणाची कड केसभर वाकलेली असू शकते. आपटल्यानंतर निदान ओढ्यात बुडवायची हौस करू नका.

म्हणून दोरी हवीच. पट्ट्याच्या कडीत २ मिमी जाडीच्या कॉर्डचा फास घाला आणि दुसरं टोक सॅकच्या खांदापट्टीला किंवा छातीवरच्या खिशाच्या लूपला पक्कं बांधा. लांबी साधारण ७० सेंमी: हात पूर्ण लांब करता यावा, पण कॅमेरा सुटला तर गुडघ्यापर्यंत लोंबू नये. गळ्यात कधीही अडकवू नका. चढताना तो कातळ आणि छातीच्या मध्ये येतो, बोल्टमध्ये किंवा क्विकड्रॉमध्ये (दोर अडकवायच्या जोड-कडीत) दोरी अडकते, आणि पडलात तर गळ्यालाच फास. हार्नेसच्या (कमरेच्या सुरक्षापट्ट्याच्या) गिअर लूपला, म्हणजे साहित्य अडकवायच्या कडीला, लटकवला तर प्रत्येक पावलाला कातळावर आपटत राहतो. स्कीइंग करताना छातीवरचा खिसाही नको, तोंडावर पडलात की तोच कॅमेरा बरगडीत रुततो. कमरपट्ट्याचा बाजूचा खिसा बरा. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवटच्या मोकळ्या उतारांवर जाणार असाल तर हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) अंगावर असतो. त्याच्यापासून कॅमेरा नेहमी किमान २० सेंमी, आणि शोध घेताना किमान ५० सेंमी लांब ठेवा.

आता या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी खोट. यात शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा मोड) नाही आणि पूर्ण मॅन्युअलही नाही. आहे तो पी (सगळं कॅमेरा ठरवतो), ए (ॲपर्चर आपण ठरवतो), आणि तयार सीन मोड. खेळाचे फोटो काढायला निघालेल्या कॅमेऱ्यात शटरचा वेगच हातात नसावा हे खटकतंच. त्यात ॲपर्चरच्या (लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पायऱ्या मोजक्या, आकडा मोठा तितका प्रकाश कमी: २५ मिमीला एफ/२, एफ/२.८ आणि मग थेट एफ/८. शटर जास्तीत जास्त १/२००० सेकंद. लख्ख उन्हातल्या बर्फावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/२.८ ला १/२००० अपुरा पडतो, म्हणून पी मोड एफ/८ वर उडी मारतो आणि शटर १/४०० ते १/८०० च्या आसपास घसरतं. स्कीअर जवळून आडवा गेला की पाय आणि स्की अस्पष्ट. लोक दोष सेन्सरला देतात, कारण मात्र हे असतं.

उपाय सोपा आहे, फक्त नेहमीच्या सवयीच्या उलट आहे. ए मोडमध्ये एफ/८ ठेवा आणि आयएसओ मुद्दाम ४०० करा. उन्हात शटर १/१६०० च्या घरात जातं. आयएसओ ४०० चा दाणा (फोटोतला खरखरीतपणा) या सेन्सरवर खपून जातो. ८०० च्या पुढे कातळाचा पोत लोण्यासारखा दिसू लागतो. झूम पूर्ण ताणून १०० मिमीला गेलात तर ही कसरत नको: तिथे एफ/४.९ वर आयएसओ १०० लाच उन्हात १/१००० किंवा जास्त मिळतो. ही जोडणी सी१ (डायलवरची आपली जोडणी साठवायची जागा) मध्ये साठवून ठेवली की डायल फिरवण्यापलीकडे काम उरत नाही.

फोकसच्या बाबतीत छोटा सेन्सर उलट पथ्यावर पडतो. २५ मिमीला, अगदी एफ/२ वरही, २ मीटरवर फोकस धरला की साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. १०० मिमीला एफ/४.९ वर १३ मीटरवर धरा, साडेसहा मीटरपासून पुढे निश्चिंत. तेव्हा येणाऱ्या स्कीअरवर फोकस धरायच्या भानगडीत पडू नका. तो जिथे वळणार त्या जागेवरचा बर्फाचा उंचवटा किंवा काठी पकडा, बटण अर्धं दाबून ठेवा आणि वाट बघा. प्रो कॅप्चर (आधीपासून फ्रेम साठवत राहणारी सोय) चालू असेल तर बटण पूर्ण दाबण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधीपासूनच्या फ्रेमही मिळतात. जाड हातमोज्यात बोट उशिरा दाबलं जातं, त्याची ही भरपाई.

एक्स्पोजरची (फोटोच्या उजळपणाची) भरपाई बर्फावर +०.७ ते +१.३. न वाढवल्यास बर्फ राखाडी येतो. मात्र हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघत जा, कारण या सेन्सरवर जळालेला पांढरा रॉमधूनही फारसा परत येत नाही. सह्याद्रीत नेमकं उलट. काळा बेसॉल्ट बघून कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फोटो उजळ करतो आणि मागचं आकाश पांढरंफटक होतं, −०.३ ते −०.७ ठेवा आणि कातळ नंतर संगणकावर उजळ करा. खालून, बिलेच्या (चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याच्या) जागेवरून काढलेल्या फोटोत चढणाऱ्याच्या पार्श्वभागाखेरीज काही दिसत नाही. चांगला फोटो हवा तर वेगळ्या दोरावर, चढाईच्या मार्गापासून तीन-चार मीटर बाजूला आणि थोडं वर लटका. बिले देणाऱ्याने कॅमेऱ्याला हात लावू नये, यावर चर्चाच नको.

बॅटरी एलआय-९२बी. प्रमाणित चाचणीत सुमारे ३३० फोटो. थंडीत हा आकडा बराच खाली येतो. दोन जादा घ्या आणि आतल्या थरातल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. गार पडून ‘संपलेली’ बॅटरी उबेत ठेवल्यावर पुन्हा थोडी चालते, तेव्हा फेकून देऊ नका. वरच्या बाजूला जीपीएस नोंदीची ‘लॉग’ अशी सरकपट्टी आहे. ती खिशात आपोआप सरकते आणि कॅमेरा बंद असतानाही बॅटरी पीत राहते. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी रिकामी, या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच असतं. वापर नसेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून टाका.

बाष्पाचा प्रश्न सीलबंद कॅमेऱ्यालाही सुटत नाही. गुलमर्गच्या खोलीत बुखारी (शेगडी) पेटलेली असते, सभोवती ओले मोजे आणि जॅकेटं वाळत असतात. त्या हवेत झाकण उघडून कार्ड काढलं की दमट हवा आत कोंडली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर काचेच्या आतून धुकं धरतं. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या. बॅटरी आणि कार्ड शक्यतो घर सोडतानाच, एसीच्या कोरड्या खोलीत बसवा. मुंबई-कोकणातल्यांनी तर नक्कीच. झाकण लावताना रबरी सीलवरून नख नव्हे, कोरडं मऊ फडकं फिरवा. एखादा केस, वाळूचा कण किंवा हातमोज्याचा धागा मध्ये आला तरी पाणी शिरायला पुरे. सील वर्षाला एकदा बदलून घ्यायचं असतं, हे फारसं कोणी करत नाही.

पुढची काच उघडीच असते. सीएलए-टी०१ हा ॲडॉप्टर घेऊन ४०.५ मिमीचा साधा फिल्टर लावला तर ओरखडे त्याच्यावर जातात. चढाई करणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये.

आता बाकीचे. फक्त कोरड्या कातळावर काढणार असाल आणि छापण्याजोगा दर्जा हवा असेल तर रिको जीआर ३ कडे बघा: मोठा एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, २८ मिमीच्या तोडीची एकच लेन्स, वजन २५७ ग्रॅम, आणि ठरलेल्या अंतरावर झटकन फोकस लावणारी स्नॅपची सोय. फोटो टीजीच्या कितीतरी पुढचा. पण नळी बाहेर येते, सील नाही, बॅटरी साधारण २०० फोटोंची. धूळ सेन्सरवर बसली की कॅमेरा उघडून घेण्यावाचून इलाज नाही. सोनी आरएक्स१०० मार्क ७ ला २४-२०० चा पल्ला आणि सेकंदाला २० फ्रेम आहेत, स्कीइंगला मोहक, नाजूकपणा तोच. सोनी आरएक्स० मार्क २ मात्र १३२ ग्रॅमचा, एक इंची सेन्सरचा आणि १० मीटर पाण्यात चालणारा आहे. हेल्मेटवर किंवा खांदापट्टीवर बसवायला झकास, पण हातमोज्याने त्याची बटणं दाबणं म्हणजे शिक्षा. पॅनासॉनिक एफटी७ ला छोटा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि बर्फाच्या चकाकीत त्याचं मोल कळतं. नायकॉन डब्ल्यू३०० ३० मीटर पाण्यात जातो. हे दोघे आता जुन्या बाजारातच. त्यांचं सील किती वर्षांचं आहे ते कळत नसेल तर पाण्याचा आकडा शून्य धरा.

दुकानात जाताना स्वतःचे हातमोजे आणि गॉगल घेऊन जा. गॉगल पोलराइज्ड असेल तर पडदा आडवा आणि उभा, दोन्ही धरून बघा. एखाद्या कोनात तो काळाठिक्कर दिसतो. हातमोजा घालून झूमची कळ आणि डायल चालते का, आणि व्हिडिओचं लाल बटण चुकून दाबलं जातं का ते तपासा. दोन्ही झाकणं चार-पाच वेळा उघडझाप करा, कुलूप दरवेळी सारखंच ‘खट्’ लागलं पाहिजे. बाहेरून मागवलेला नग असेल तर दुरुस्ती आणि सील भारतात कोण बदलून देणार, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.