याकच्या दुधाचं चामडं

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. लोकांच्या सह्या ताडून बघायच्या, सातबारा उलटसुलट करून वाचायचा, जामीनदाराचं पगारपत्रक खरं की बनावट ते हुडकायचं, हाच दिवसभराचा धंदा. अशा बाईला दोन इंचाच्या एका स्टिकरने गंडवलं. लिहायला लाज वाटते, पण तेच दुकान अजून चालू आहे आणि तसलाच माल इतर ठिकाणीही मिळतो, म्हणून लिहिते.

ढोल्या आमचा लॅब्राडोर कुत्रा. तेव्हा पाच महिन्यांचा होता. या वयाचं पिल्लू ज्यांच्या घरात आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चपला, रिमोट, सोफ्याचा कोपरा, सासूबाईंच्या जपमाळेचा गोंडा. त्याचाही दोष नसतो म्हणा. कुत्र्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येतात, सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत हे चालू असतं आणि तोवर दात नुसते शिवशिवत असतात. काहीतरी चावायला द्यावंच लागतं.

म्हणून एका शनिवारी साताऱ्यातल्याच एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मालकाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत होते आणि मागच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक सर्टिफिकेट लावलेलं होतं. मी ते तेव्हा वाचलं नाही. नंतर वाचलं. कुत्र्यांचे केस कापण्याचा सात दिवसांचा वर्ग केल्याचं होतं.

“ताई, साधी हाडं नका देऊ,” तो म्हणाला. “हे घ्या. हिमालयातल्या याकच्या दुधाचं आहे, नेपाळचा माल. शंभर टक्के पचतं. घरच्या कुत्र्याला मी हेच देतो.”

याकच्या दुधाचं चघळणं ही खोटी गोष्ट नाही. नेपाळ-सिक्कीमकडे छुर्पी नावाचं कडक चीज करतात, तिकडची माणसंही ते तासन्‌तास चघळतात, आणि कुत्र्यांसाठी त्याच्या कांड्या बाजारात येतात. हे मी मोबाइलवर आधीच वाचलेलं होतं, म्हणून तर लगेच भुलले. दोन कांड्यांचे 900 रुपये दिले. पांढरट, वीतभर लांब, साध्या पारदर्शक पिशवीत, वर स्टिकर: ‘याक मिल्क’. कुणी बनवलं, कुठे, कधी, छापील किंमत किती, काही नाही. बिल म्हणून कच्ची चिठ्ठी. पैसे मात्र मी फोनवरून पाठवले होते, तेवढं एक शहाणपण.

रविवारी दुपारभर ढोल्या गुंग होता. घरात इतकी शांतता बऱ्याच दिवसांनी होती, त्यामुळे कांडी मऊ होऊन शेवटचा चार बोटांचा तुकडा त्याने अख्खाच गिळला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. रात्री पहिली उलटी झाली. सकाळपर्यंत चार.

इथे मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. ज्याने माल विकला त्यालाच फोन केला.

“दात येताना उलट्या होतातच, ताई. घाबरू नका.” त्याने 350 रुपयांना गोळ्या दिल्या. पट्टीतून कात्रीने अशा कापलेल्या, की औषधाचं नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर राहावं. “आणि अशक्तपणाला रोज आठ-दहा बेदाणे चारा.” बेदाण्यांची आमच्याकडे कमी नाही, नणंद तासगावची. मी दोन चारले, तेही त्याने ओकून टाकले. आज वाटतं, बरं झालं ओकला.

मंगळवारी तो पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर करून उभा राहायला लागला. मला वाटलं, खेळायला बोलावतोय. खेळताना कुत्रं तसंच वाकतं, पण तेव्हा शेपूट हलत असते आणि क्षणभरात ते उडी मारून पळतं. हा तसाच थांबून राहायचा. शेपूट खाली, तोंड मिटलेलं.

सासूबाई जावळी खोऱ्यातल्या, जन्म गुराढोरांत गेलेला. त्या खाली बसल्या, ढोल्याचा वरचा ओठ उचलला, हिरडी अंगठ्याने दाबली आणि सोडली. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली. ती सोडल्यावर पटकन खाली बसेना, वळी तशीच राहिली. “आगं, ह्येचं पानी संपलंय. आन्‌ पोटात काय तरी अडाकलंय. गाईनं पिलास्टिक खाल्लं की आशीच आवळून हुबी ऱ्हाती. संडास कवा केली ह्येनं?”

मला सांगता येईना. रविवारनंतर केलीच नव्हती.

बुधवारी पहाटे गाडी काढली. वाढे फाट्यावरून हायवे, खंबाटकीचा बोगदा आणि शिरवळ. आपल्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे हे मला माहीत होतं, पण तिथे गाई-म्हशीच नेतात अशी समजूत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सासूबाईंनी केलं तेच सगळं केलं, फक्त घड्याळ बघून. हिरडी गुलाबी हवी, दाबल्यावर पांढरी होते, ती दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. ढोल्याची होत नव्हती. ताप गुदद्वारातून मोजला. नाक कोरडं म्हणजे ताप हे मी आयुष्यभर ऐकत आले, ते खरं नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते कायम गरमच लागतं.

एक्स-रेमध्ये चामडं नीट उठून दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी झाली. जठरातून आतड्यात जायच्या तोंडाशी गोळा अडकला होता. ऑपरेशन करून काढला. एकूण खर्च लिहीत नाही, सासूबाई हे वाचणार आहेत.

गोळा बघून बाई म्हणाल्या, “हे रॉहाइड आहे. दूध नाही.” कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, आतला थर वेगळा करतात, रसायनाने धुऊन पांढरा करतात आणि गुंडाळून वाळवतात. कुत्र्याने मोठा तुकडा गिळला तर तो पोटात फुगतो. रॉहाइड विकणं हा गुन्हा नाही, पुष्कळ लोक माहीत असून आणतात आणि लक्ष ठेवून देतात. ते दूध म्हणून विकलं, हा माझा आक्षेप.

बेदाण्यांचं सांगितलं तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा भरवसा नाही. सांगली-तासगावकडच्यांनी तर हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावं.

चावायला काय द्यावं, हे मी तिथे बाकावर बसून विचारून घेतलं. अंगठ्याचं नख रुतेल इतपत मऊ वस्तू असावी. नख रुतत नसेल, तर ती चावताना मागची मोठी दाढ फुटू शकते, आणि या कसोटीला खरी छुर्पीसुद्धा उतरत नाही. आकार असा, की अख्खी तोंडात मावता कामा नये. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या धारदार ढलप्या निघतात. दोरीचं खेळणं सुटायला लागलं की फेकायचं, कारण दोरा आतड्यात गेला की आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. असा दोरा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. कान झाडणं, कानाला वास येणं, बूड जमिनीवर घासत चालणं, बोटांच्या बेचक्यात गोचीड, ही दुखणी एखादा दिवस थांबू शकतात. सारख्या उलट्या आणि संडास बंद, हे थांबू शकत नाही.

घरी आल्यावर मी उरलेली कांडी पातेल्यात रात्रभर पाण्यात घातली. सकाळी बघते तर ती पातेल्याच्या काठापर्यंत उलगडलेली. बुळबुळीत, पांढरी, वळकटी सोडल्यासारखे थर आणि कडेला गोंदासारखा चिकटा. दुधाची वस्तू अशी कापडासारखी उलगडत नाही. पिशवीवरचा स्टिकर गरम वाफेवर धरला तर खाली दुसरा निघाला, वरचा भाग फाटलेला, पण संपायची तारीख वाचता येत होती. आठ महिन्यांपूर्वीची.

ते सगळं घेऊन दुकानात गेले. आधी म्हणाला, हा माल माझा नव्हेच. फोनवरचं पेमेंट दाखवल्यावर, “ताई, मलाही वरून असंच आलं.” तुमचा पशुवैद्यक म्हणून नोंदणी क्रमांक काय, असं विचारल्यावर एकदम 900 रुपये काढून गल्ल्यावर ठेवले. 1984 च्या कायद्याने जनावरांवर उपचार करायला राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. पैसे मी घेतले नाहीत. घेतले असते तर विषय तिथेच मिटला असता, आणि त्याला तेच हवं होतं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि किंमत नसल्याबद्दल वैधमापन विभागाकडे वेगळा अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तिथली कागदपत्रं सध्या जुळवते आहे. त्या कामात मी बरी आहे.

ढोल्या आता गाजर खातो. फ्रिजमध्ये गार करून दिलं की अर्धा तास जातो. ते पांढरं चामडं वाळवून बरणीत ठेवलंय, फडताळात वरच्या फळीवर, आणि झाकण लावूनही वास येतोच. सासूबाई रोज म्हणतात, “टाक की ती घान.” मी रोज सांगते, “आई, पुरावा आहे.”