पंप घ्यावा की रोटाहेलर?

जिनिंगवर कापूस यायला लागला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे दम्याच्या माणसांची छाती वाजायला लागते. डॉक्टर औषध लिहून देतात, पण ते ओढायचं कशातून, फवाऱ्याच्या पंपातून की कोरड्या पुडीच्या रोटाहेलरमधून, हे कित्येकदा मेडिकलच्या काउंटरवरच ठरतं. तिथे घाई करू नका.

पंपात औषध दाबाखाली भरलेलं असतं. तो दाबायचा आणि त्याच क्षणी सावकाश, खोल श्वास घेऊन दहा आकड्यांपर्यंत रोखायचा. माझ्या वडिलांना हे कधी साधलंच नाही. बोट आधी, श्वास मागून, औषध घशात. ‘पंप लागू पडत नाही’ म्हणून वर्षभर गोळ्या वाढत गेल्या. समोर बसवून एकदा ओढायला लावावं, असं कुणालाच सुचलं नाही, याची मला अजून चीड येते. शेवटी स्पेसर लावला. फवारा आधी त्या नळकांड्यात थांबतो, मग पाच-सहा साध्या श्वासांत घेता येतो. एका वेळी एकच दाब.

रोटाहेलरला हा मेळ घालावा लागत नाही. कॅप्सूल बसवून तळ फिरवला की पूड मोकळी होते. पण इथे जोरात ओढावं लागतं. जिनवर राबणाऱ्या तिशीतल्या गड्याला तो सोयीचा, खिशात मावतो. लहान मुलाला किंवा थकलेल्या म्हाताऱ्याला तेवढा जोर नसतो, आणि दम भरून आल्यावर तर धडधाकटाचाही कमी पडतो. पावसाळ्यात ओल लागून पूड चिकटते. आणि हो, ती कॅप्सूल गिळायची नसते.

उन्हाळ्यात पंपाला जपावं लागतं. त्याला ३० अंशांच्या आत ठेवायचं, आणि भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मोटारसायकलच्या डिकीत तो कधीच ठेवू नका.

औषधाची वाफेसारखी धूर करून देणारा नेब्युलायझर लाइटवर चालतो. साधारण अटॅकमध्ये पंप-स्पेसरने तेवढाच गुण येतो.

‘पंपाची सवय लागते’ म्हणून गोळी मागणाऱ्यांनी एवढं पाहावं: श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या गोळीत ४ मिलिग्रॅम औषध, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. चाळिसावा हिस्सा.

घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर मी पंप आणि स्पेसरच घ्यायला सांगेन. स्टेरॉइडचा पंप असेल तर दरवेळी चूळ भरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की औषध त्याच्या आतल्या बाजूलाच चिकटून राहतं.