नौपाड्यातले फिजिओथेरपी केंद्र : जंपसीटवर बसणाऱ्यांच्या पाठीसाठी

ठाण्यात गोखले रस्त्यालगतच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेल्या या केंद्रात मी सलग सात आठवडे उपचार घेतले. मी केबिन क्रू म्हणून काम करते. आमचे विमान जोरात उतरले तेव्हा मी मागच्या गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) जंपसीटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या घडीच्या सीटवर, पट्टे बांधून बसले होते, आणि त्या रात्रीपासून पाठीचा वरचा भाग दुखू लागला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात मला शेक घेऊन विश्रांती घेण्याचा सल्ला मिळाला आणि तेवढ्यावर विषय संपला.

या केंद्रातील डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न मला अनपेक्षित होता. "तुमच्या सीटचे तोंड विमानाच्या नाकाकडे होते की शेपटीकडे?" पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता : चाके टेकली त्या क्षणी मान सरळ होती, की तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात? मी बाहेर पाहत होते. उतरताना बाहेर लक्ष ठेवणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. पण मान वळलेली असताना खालून दणका बसला की तो पाठीच्या कण्यावर सारखा वाटला जात नाही, हे मला प्रथमच कोणीतरी हाताने दाबून, कुठे दुखते ते विचारत समजावून सांगितले.

मागच्या सीटविषयीही त्यांना माहिती होती. विमान धावपट्टीवर टेकण्याच्या बेतात असताना वैमानिकाने नाक वर खेचले, तर मध्यभागाभोवती फिरताना शेपटीकडचा भाग खाली जातो, त्यामुळे मूळच्या उतरण्याच्या वेगात तेथे आणखी भर पडते. दणका मोजणारे उपकरण मात्र विमानाच्या मध्याजवळ बसवलेले असते. म्हणून मधल्या भागातला आकडा मर्यादेत आला, तरी मागे बसलेल्या माणसाला बसलेला झटका त्यात पूर्ण दिसतोच असे नाही. शिवाय ती मर्यादा यंत्राची आहे : प्रवासी विमानाचा सांगाडा उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला 10 फूट, म्हणजे मिनिटाला 600 फूट, इतक्या उभ्या वेगाने टेकण्याचा भार सोसेल असा बांधलेला असतो. घडीच्या, पातळ गादीच्या सीटवर ताठ बसलेल्या माणसाच्या मणक्याला तो नियम ठाऊक नसतो. 1 जुलै 2022 रोजी कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅना येथे उतरलेल्या एका बोइंग 737 मध्ये हाच फरक दिसला; मागच्या जंपसीटवरील कर्मचाऱ्याचा पाठीच्या वरच्या भागातला मणका मोडला, परंतु विमानाचे नुकसान झाले नाही आणि प्रवाशांपैकी कोणीही जखमी झाले नाही.

उपचारांतला सर्वांत उपयोगी भाग एका साध्या लाकडी स्टुलाचा होता. मी मोबाइलमधले जंपसीटचे छायाचित्र दाखवल्यावर त्यांनी तो स्टूल भिंतीला टेकवला, वर पातळ गादी ठेवली आणि छातीवरून दोन पट्टे घेऊन मला बसवले. पाय जमिनीवर सपाट, कंबर पूर्ण मागे, डोके टेकलेले, आणि बाहेर पाहायचे तर मान न वळवता केवळ डोळ्यांनी : दर भेटीला पंधरा मिनिटे हाच सराव होता. पहिले दोन आठवडे मला त्याचा कंटाळा आला, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

उणिवा आहेत. इमारतीला लिफ्ट नाही, आणि पाठीच्या रुग्णांसाठी असलेल्या केंद्राने अरुंद, उंच पायऱ्यांच्या वर का असावे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. संध्याकाळच्या वेळा हमखास अर्धा-पाऊण तास लांबतात. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने येऊन ठाणे स्थानकाचा गर्दीचा पूल ओलांडणे दुखऱ्या पाठीला नकोसे होते. सकाळी अकराची वेळ मागून घ्यावी.

कामावर परतण्याच्या दाखल्यासाठी मी घाई केली तेव्हा त्यांनी तो तत्काळ दिला नाही. स्टुलावर वीस मिनिटे न दुखता बसून दाखवल्यावरच सही केली, आणि दाखल्यात सीटची जागा, तिचे तोंड व मानेची स्थिती स्पष्ट लिहिली. कंपनीच्या दुखापतीच्या अर्जात या तिन्हींसाठी रकाना नव्हता. मी तो दाखला अर्जाला टाचून दिला.