चॉकलेट चिप कुकी मर्डर : खून कमी, खाऊ जास्त

जोअ‍ॅन फ्लूकचं हे पुस्तक 2000 सालचं, म्हणजे मी वाचायला उशीरच केला, पण एका विकेंडला बसून संपवलं. अमेरिकेत मिनेसोटामधलं लेक ईडन नावाचं काल्पनिक छोटं गाव, तिथे हॅना स्वेन्सनची 'द कुकी जार' ही बेकरी, आणि एका सकाळी बेकरीच्या मागे दूधवाला रॉन त्याच्या डिलिव्हरी ट्रकमध्ये मरून पडलेला, गोळी घातलेली, आणि आजूबाजूला हॅनाच्याच कुकीज सांडलेल्या. मेव्हणा पोलिसात आहे, त्याला डिटेक्टिव्ह व्हायचंय, मग हॅना त्याच्यासाठी गावातून माहिती काढायला लागते.

आता खरं सांगू का, खुनी कोण यापेक्षा ती तपास कसा करते यातच मजा आहे. कुकीज घेऊन ती लोकांकडे जाते आणि लोक खाता खाता सगळं बोलून टाकतात. आपल्याकडे नाही का, वाटीभर खीर द्यायच्या निमित्ताने येऊन अख्ख्या बिल्डिंगची खबर घेऊन जाणाऱ्या काकू असतात, अगदी तस्संच!! त्यात आई सारखी लग्नाच्या मागे लागलेली, गावात नवीन आलेला डेंटिस्ट नॉर्मन तिने जवळजवळ पसंतच करून टाकलाय, आणि घरी मॉइशे नावाचा एका डोळ्याचा बोका, तो तर मला सगळ्यात आवडला.

थ्रिलर म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. मध्ये बराच वेळ तपास जागचा हलत नाही, नुसती कॉफी आणि गप्पा, आणि कोणालाही फारशी भीतीबिती वाटतच नाही, मागच्या दारी खून झालाय तरी. रक्तपात नको असेल, रात्री झोपताना चार पानं वाचायची असतील तर मस्त.

पुस्तकात रेसिपीज पण आहेत, गोष्टीच्या मधेमधेच. चॉकलेट चिप क्रंच कुकीजमध्ये चुरलेले कॉर्नफ्लेक्स पडतात, ते वाचल्यावर मला राहवेना. एक कप बटर, पांढरी नि ब्राऊन मिळून दोन कप साखर (एवढी?? मी कमी केली), ओव्हन 375 फॅरनहाइट म्हणजे आपला साधारण 190. आईला म्हटलं कॉर्नफ्लेक्स दे, तिने डबा दिला, मी लाटण्याने चुरायला घेतले तर जाम चुरेनात, तेव्हाच कळायला हवं होतं की हे चिवड्याचे कच्चे मक्याचे पोहे आहेत, तळायचे. तशाच भाजल्या. वास असला भारी सुटला की विचारू नका, पण घास घेतला की कडाक्!

आईने एक अर्धी खाल्ली, गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या त्या गोष्टीतला डेंटिस्ट कुठे असतो म्हणालीस?"