वाळपईच्या पुढचा घरगुती गोठा: दूध, दही, तूप

गोव्यात डिचोली-साखळीकडे चांगलं दूध कुठे मिळतं असं सगळेच विचारतात म्हणून लिहितेय. वाळपईच्या पुढे एका घराचा गोठा आहे, तिसरी पिढी चालवतेय, त्यांच्याकडून आम्ही दूध लावलंय आणि मुलांना घेऊन गोठा पण बघून आलो, आधी फोन केला तर येऊ देतात.

दूध गायीचं, सकाळच्या धारेचं, तापवलं की पिवळसर साय धरते. दही मस्त घट्ट. तूप रवाळ आणि वास असा की वरणभातावर अर्धा चमचा पुरे, पण चवथीला हवं असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळणारच नाही. पनीर नका घेऊ, कोरडं असतं, तळलं की चिवट होतं. भाव पाकिटातल्या दुधापेक्षा बराच जास्त आहे, आणि मला तो का पटला ते गोठ्यात कळलं.

आजोबांच्या वेळी गुरं होती ती नांगराला आणि शेणखताला, दूध घरापुरतं. मग काकांनी (म्हणजे मुलाने) कर्ज काढून जर्सी क्रॉस (संकरित) गाई आणल्या, डेअरीला दूध घालायला लागले, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) लागेल तसा दर. दूध वाढलं पण आपली हवा दमट, मे महिन्यात ह्या गाई धापा टाकतात, चारा सोडतात, दूध उतरतं, पावसात चिखलाने खुर खराब होतात, गोचीड वेगळे, आणि पेंडीचा खर्च तर विचारूच नका. आता नात बघते. पंखे लावले, खाली रबरी मॅट घातल्या, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला चाऱ्यासाठी नेपियर गवत लावलं, आणि क्रॉस गाईंच्या जोडीला श्वेतकपिला ठेवल्या. ही आपल्या गोव्याची गावठी गाय, 2020 मध्ये कर्नालच्या ब्युरोने (देशातल्या जनावरांच्या जाती नोंदवणारी सरकारी संस्था) वेगळी जात म्हणून नोंदवली. चण लहान, अंग सगळं पांढरं, अगदी पापण्यासुद्धा पांढऱ्या, माझी मुलगी तिथून हलेना. दूध दिवसाला दोन-तीन लिटरच, पण आपलं ऊन-पाऊस सोसते आणि साध्या चाऱ्यावर राहते.

धार काढायच्या आधी प्रत्येक सडाची पहिली पिळ काळ्या वाटीत घेतात, काळ्यावर गुठळी लगेच दिसते, दिसली की समजायचं कासेला दगडी (कास सुजायचा आजार) होतेय. एका गाईच्या मागे फळ्यावर लाल खडूने 'दूध विकायचं नाही' लिहिलेलं. विचारलं तर नात म्हणाली अँटिबायोटिक चालू आहे, इंजेक्शन संपलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत हे दूध वेगळं काढायचं. काका बाजूलाच होते, म्हणाले, "आमच्या वेळी हे कोण बघत होतं, सगळं एकाच कॅनात." इतकं सरळ सांगणारी माणसं मला तरी दुसरीकडे भेटली नाहीत, आणि लहान मुलांच्या घरात मला हेच महत्त्वाचं वाटतं. तुमचा दूधवाला कोणीही असो, हे एकदा विचाराच.

तक्रार एकच, जोराच्या पावसात गाडी उशिरा येते आणि फोन उचलत नाहीत, निदान मेसेज तरी टाकावा. फोन करायचा तर दुपारी करा, संध्याकाळी सगळे धारेला असतात. काचेच्या बाटल्या धुवून परत द्यायच्या. शेणखताची पोती पण मिळतात, आमच्या माडांना तीच घातली.