'ब्राझील' की 'आल्फाव्हिल': आधी कुठला लावायचा?

दोन्ही पिक्चर उद्याच्या जुलमी राज्याचे, दोन्ही विचित्र, दोन्हींचे वेडे चाहते जगभर. रविवारची एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या माणसाला मी 'ब्राझील' लाव म्हणेन. काउंटरसमोर उभं राहून आपलं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे हे राज्य आपल्या ओळखीचं.

टेरी गिलियमच्या या १९८५ च्या पिक्चरची सुरुवातच बघा. ऑफिसातला एकजण माशी मारतो, ती मशिनमध्ये पडते नि छापून येताना 'टटल' या आडनावाचा 'बटल' होतो. तेवढ्यावर पोलिस छत कापून भलत्याच माणसाच्या घरात उतरतात, त्याला गोणीत भरल्यासारखा बांधून नेतात. बायकोला नवऱ्याची रीतसर पावती मिळते, आणि ती पावती दिल्याची पावती साहेब स्वतःकडे ठेवतो! पुढे पैसे जास्त कापले गेले म्हणून त्याच बाईला रिफंडचा चेक द्यायला हिरो तिच्या दारात जातो. ज्याचं आडनाव मराठीतून कानडीत जाताना उताऱ्यावर भलतंच उतरलंय, आणि दुरुस्तीला गेल्यावर ज्यानं 'नाळे बन्नी' (उद्या या) ऐकलंय, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. रॉबर्ट डी निरो यात पाइप दुरुस्त करणारा आहे. काम चोख करतो, पण फॉर्म भरत नाही, म्हणून सरकारला हवा असलेला गुन्हेगार.

खोट आहेच. हिरोची पंख लावून उडायची स्वप्नं मध्यात फार लांबतात, हिरॉइनच्या वाट्याला फारसं काही नाही. शेवटाकडे छळाचे प्रसंग आहेत, पोरांना घेऊन बसू नका.

गोदारचा 'आल्फाव्हिल' १९६५ चा, फ्रेंच, ब्लॅक अँड व्हाइट. भविष्यासाठी सेट बांधलेच नाहीत, तेव्हाचं पॅरिसच रात्री शूट केलंय. राज्य आल्फा ६० या कॉम्प्युटरचं, आवाज घोगरा, घशातून ओढून काढल्यासारखा. बायको मेल्यावर रडला म्हणून एकाला स्विमिंग पूलच्या फळीवर उभा करून गोळी घालतात, पोरी सुऱ्या घेऊन पाण्यात उड्या टाकतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. हा एक सीन 'ब्राझील'मधल्या कुठल्याही सीनपेक्षा अंगावर येतो. बाकी मात्र पात्रं कवितेत बोलत बसतात, आणि सबटायटल वाचता वाचता माझा तरी धागा सुटला.

'ब्राझील' १४२ मिनिटांचाच शोधा. स्टुडिओनं टीव्हीसाठी कापलेली ९४ मिनिटांची एक आवृत्ती आहे, तिचा शेवट गोड करून टाकलाय. ती बघण्यापेक्षा न बघितलेला बरा.

घोळका जमणार असेल, कानडी दोस्तही येणार असतील, तर दुसरा विचारच नको, 'ब्राझील'. 'आल्फाव्हिल' ९९ मिनिटांत उरकतो, एकट्यानं बघायला ठीक. फक्त मोबाइलवर नको, निम्मा पिक्चर अंधारातला आहे.