स्लो कुकरमधलं क्युबन पोर्क: मांस एक नंबर, बीन्स मात्र शिट्टीच्या कुकरमध्येच लावा

क्युबन पद्धतीचं पोर्क घरी करायचं म्हणून मी स्लो कुकर घेतला आणि आता तो आमच्या ओट्यावर कायमचाच मुक्कामाला आलाय, ओळखीतले सगळे विचारत असतात की घ्यावा का, मुंबईच्या एवढ्याशा किचनमध्ये त्याला जागा द्यावी का, तर एकदाच नीट लिहून टाकते. पोर्कसाठी डोळे झाकून घ्या. बीन्ससाठी घेणार असाल तर पैसे वाचवा, घरात आहे तो शिट्टीचा कुकरच त्या कामाला भारी पडतो. आणि ही दोन्ही कामं एकाच भांड्यात एकत्र करायच्या फंदात तर अजिबात पडू नका, कारण तिथे नुसता चवीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे, त्यावर खाली लिहिलंय.

माझा साडेतीन लिटरचा आहे, तीन हजारांच्या आसपास मिळाला. ब्रँडचं नाव देत नाहीये कारण इथे मिळणारे साधे स्लो कुकर थोड्याफार फरकाने सारखेच असतात, बाहेर पत्र्याचं कवच, आत जाड सिरॅमिकचं भांडं, वर काचेचं झाकण आणि लो, हाय, वॉर्म एवढीच बटणं. लो आणि हाय मध्ये लोकांचा मोठा गैरसमज असतो, त्यांना वाटतं लो म्हणजे कमी तापमान. तसं नसतं, साधारणपणे दोन्हीवर शेवटी पदार्थ उकळीच्या जरा खालीच पोचतो, फक्त लोवर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो. आणि मांसाला तोच वेळ हवा असतो. खांद्याच्या मांसात जे चिवट पांढरं कोलॅजन असतं ते साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर जाऊन थोडा वेळ तिथेच राहिलं की मांस काट्याने आपोआप सुटतं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, काम तासाभरात होतं हे खरंय आणि घाई असेल तर तसं करायला काहीच हरकत नाही, पण मांसाच्या कडा भुसभुशीत होतात आणि लसूण-संत्र्याचा वास बराचसा शिट्टीबरोबर उडून जातो. मला ते पटत नाही.

आता पोर्क. अर्धी लढाई इथेच आहे. मुंबईत पोर्क चांगलं मिळतं, वांद्रे, कलिना, ऑर्लेम, आयसी कॉलनी, पुढे वसई, जिथे जिथे ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती), गोवन, मंगलोरी वस्ती आहे तिथे ताजं पोर्क विकणारी दुकानं किंवा निदान कोल्ड स्टोरेज, म्हणजे फ्रोझन मांसाचं दुकान, असतंच. पण गिऱ्हाईक बहुतेक विंदालू नाहीतर सोरपोतेल करणारं, त्यामुळे दुकानदाराचा हात सवयीने लहान तुकड्यांकडे जातो. तुम्ही "दीड किलो" म्हणून मागे वळून फोन बघेपर्यंत सुरा चाललेला असतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगायचं, "अंकल, खांद्याचा द्या, अख्खाच द्या, कापू नका, हाड राहू दे, चरबी राहू दे." मी जिथून घेते ते अंकल पहिल्यांदा थोडं आश्चर्याने बघत होते, आता मला बघितलं की स्वतःच विचारतात "अख्खा ना?" आणि आतून खांदा काढून आणतात, कातडीखाली बोटभर चरबीचा थर असलेला. हा थर काढून टाकायला सांगू नका प्लीज, आठ तास तीच चरबी वितळून मांसावर उतरत राहते. लॉइन (पाठीचं मांस) किंवा चॉप्सचा भाग दिसायला छान असतो पण या कामाला बेकार, कोरडा ठक्क होतो. फ्रोझन घेतलं तर फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या, गोठलेला गोळा सरळ स्लो कुकरमध्ये टाकला तर तो धोकादायक तापमानात तासन्‌तास पडून राहतो.

क्युबात हे पोर्क म्हणजे सणाचं जेवण, २४ डिसेंबरच्या रात्री, नोचेबुएनाला, अख्खं डुक्कर भाजतात, आणि त्याला मुरवायला जो रस लावतात त्याला मोहो म्हणतात. त्यात तिकडची आंबट संत्री असतात, ती आपल्याकडे बाजारात सहज मिळत नाहीत, तर दोन भाग संत्र्याचा रस आणि एक भाग लिंबाचा रस घ्यायचा, काम चोख होतं. हिवाळ्यात नागपुरी संत्री असतात तेव्हा तर प्रश्नच नाही. पाकिटातला ज्यूस नको, त्यात बहुतेकदा साखर असते. दीड किलो मांसाला साधारण एक कप रस, पंचवीस-तीस पाकळ्या लसूण (आपल्या लसणाच्या पाकळ्या बारीक असतात म्हणून एवढ्या), चार सपाट चहाचे चमचे मीठ, दोन चमचे जिरं भाजून भरड कुटलेलं, मोठा चमचाभर ओरेगानो आणि मिरपूड. लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात कुटा, मिक्सर नको, आणि मग त्यावर पाव कप ऑलिव्ह ऑइल गरम करून ओता. चर्र आवाज येतो, लसणाचा कच्चेपणा जातो पण तो तांबूस होत नाही, तिथेच लगेच रस घालून थांबवायचं. फोडणी जमणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, हाताला कळतं.

आणि इथे एक कळकळीची विनंती. लाल तिखट, गरम मसाला, आलं यातलं काहीही घालू नका. क्युबन जेवण तिखट नसतं. मला माहितीये हात शिवशिवतात, आमच्या सासूबाईंनी पण डबा पुढे केला होता, पण एकदा तसंच करून बघा, जिरं आणि लसूण तर आपलीच चव आहे, फक्त त्यांना कधी एवढी मोकळी जागा मिळत नाही. आंबट घालून पोर्क मुरवणं मुंबईला नवीन थोडंच आहे, ईस्ट इंडियन घरांमध्ये इंदाल व्हिनेगर घालूनच होतं की.

मांसाला सुरीने खोल भोकं पाडून त्यात मोहो दाबून भरायचा, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून तळाला जाड कांद्याच्या चकत्या, वर मांस, चरबीची बाजू वर, उरलेला सगळा मोहो ओतायचा. पाणी अजिबात नाही, एक चमचासुद्धा नाही, मांसाचं स्वतःचं पाणी भरपूर सुटतं. पहिला तास हायवर, मग लोवर आठ तास. मधे झाकण उघडू नका, दर वेळी उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटं जातात, काचेचं झाकण आहे तर बाहेरूनच बघा. आमच्याकडे सकाळी लावून सगळे कामाला जातात, संध्याकाळी दार उघडलं की पॅसेजपर्यंत संत्रं आणि लसणाचा वास, डुकराचा उग्र वास नाही येत, बिल्डिंगमध्ये शेजारी काय म्हणतील याची काळजी असणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतेय.

तयार झालं की नाही ते असं बघायचं, खांद्याचं हाड चिमट्याने धरून हलकं ओढायचं, ते स्वच्छ, पांढरं, एक रेषही मांस न चिकटता बाहेर आलं पाहिजे. अडकलं तर अजून एक तास. थर्मामीटर असेल तर ९० च्या वर आकडा हवा. भारतात पोर्क नीट शिजवून खाणं गरजेचंच आहे, टेपवर्मचा धोका असतो, आणि या पद्धतीत कच्चं राहण्याचा प्रश्नच येत नाही ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

आता मशीनची कमतरता, आणि ही सगळ्याच स्लो कुकरची आहे. मांस मऊ होतं पण कुरकुरीत कडा मिळत नाहीत, आणि कुरकुरीत कडांशिवाय हे पोर्क अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उपाय सोपा आहे, मोठे मोठे लचके काढायचे (अगदी दोरे करू नका), बिडाच्या तव्यावर भांड्यातल्या रसावर तरंगणारी चरबी दोन चमचे टाकून मोठ्या आचेवर एकाच बाजूने लाल होऊ द्यायचं, हलवायचं नाही. खाली मोहोतली संत्र्याची साखर चिकटून काळपट-सोनेरी होते, तोच खरा माल. भांड्यातला रस कढईत अर्धा आटवा, वर ताजं लिंबू पिळा, मांसावर ओता. वरून पातळ चिरलेला कच्चा कांदा.

बीन्सकडे येऊ. क्युबन घरात काळे बीन्स लागतात, छोटे, चमकदार काळे, मुंबईत सुपरमार्केटमध्ये आणि ऑनलाइन ब्लॅक बीन्स म्हणून मिळतात. नाही मिळाले तर राजमा किंवा साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा घ्या, सगळी एकाच जातीची भावंडं आहेत, पूर्व क्युबात तर भाताबरोबर लाल बीन्सच शिजवतात. गंमत म्हणजे स्लो कुकर जन्माला आला तोच बीन्ससाठी, अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं, ते यंत्र बीनरी म्हणूनच विकलं जायचं आणि १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं. तरीही मी नको म्हणतेय, कारण या जातीच्या कच्च्या बीन्समध्ये, सगळ्यात जास्त लाल राजम्यामध्ये, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते खळखळ उकळल्याशिवाय जात नाही. आणि सगळेच स्लो कुकर उकळीच्या जवळ पोचतात असं नाही, त्यात शिजवलेल्या पदार्थांचं तापमान कित्येकदा ७५ अंशांच्या वर गेलंच नाही असं आढळलंय, आणि ८० अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी होऊ शकतो. उलट्या, जुलाब, सगळं घर आडवं. अमेरिकेच्या एफडीएचं (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) सांगणं असं की निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान ३० मिनिटं उकळा. आपला प्रेशर कुकर ही सगळी भानगडच संपवतो.

आणि कुकर वापरला म्हणजे क्युबनपणा गेला असं कोणी म्हणत असेल तर अजिबात ऐकू नका. तिकडे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फिडेल कॅस्ट्रो यांनी ८ मार्च २००५ ला, महिला दिनाच्या भाषणात, घरोघरी प्रेशर कुकर आणि राईस कुकर वाटायची घोषणा केली होती, वीज आणि इंधन वाचावं म्हणून. बीन्स ही तिकडे रोजची गोष्ट आहे आणि ती कुकरमध्येच होते, आपल्या वरणासारखी.

रात्रभर भिजवलेले दीड कप बीन्स, ताजं पाणी, अर्धी ढोबळी मिरची, कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक करून पंधरा-वीस मिनिटं. तमालपत्र घालायचा मोह होईल पण आपलं तमालपत्र आणि त्यांचं बे लीफ ही वेगळी झाडं आहेत, आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो, त्यामुळे एखाद्या कोल्ड स्टोरेजमध्ये खरं बे लीफ मिळालं तर घ्या नाहीतर सोडून द्या. बाजूला ऑलिव्ह ऑइलमध्ये कांदा, उरलेली ढोबळी, लसूण, जिरं, ओरेगानो मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, कांदा गोडसर होईपर्यंत. त्यात एक डाव शिजलेले बीन्स घेऊन डावानेच चेचा आणि सगळं बीन्सच्या पाण्यासकट एकत्र करून वीस मिनिटं उकळा, पाणी फेकलंत तर रंग आणि दाटपणा दोन्ही गेले. व्हिनेगर एक चमचा आणि चिमूटभर साखर अगदी शेवटी, आंबट आधी घातलं तर साल कडक राहते.

बरोबर साधा कोलम तांदूळ, बासमती नको, त्याचा वास मधे मधे येतो. राजेळी केळी पूर्ण पिकून सालीवर काळे डाग पडलेली, जाड तिरकी कापून तळलेली, ती मिळाली तर ताट पूर्ण झालं, क्युबात पण अशीच तळतात. माटुंग्याला टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) मिळतो तो उकडून त्यावर गरम मोहो, हे जमलं तर नक्की करा.

मशीनच्या बाकी बारीक तक्रारी: माझ्या मॉडेलची वायर आखूड आहे, टायमर नाही, आणि सिरॅमिकचं भांडं भरलं की इतकं जड होतं की आईने एकटीने उचलू नये. गरम भांडं थंड पाण्याखाली धरू नका, तडा जातो. विजेचं म्हणाल तर माझा २०० वॉटच्या आसपासचा आहे, आठ-नऊ तासांना दोन युनिटच्या आतच. चार-पाच माणसांना साडेतीन लिटर पुरतो, पण अख्खा खांदा हाडासकट बसतो की नाही ते दुकानातच भांड्याचा आकार बघून ठरवा, लांबट भांडं असेल तर गोलापेक्षा चांगलं.

उरलेलं पोर्क दुसऱ्या दिवशी जास्तच चांगलं लागतं. सँडविचसाठी बेकरीतून ताजा ब्रून पाव आणा, आडवा कापा, आतून मोहरीचं सॉस, पोर्क, हॅमचा एक तुकडा, चीज, काकडीचं व्हिनेगरमधलं लोणचं, आणि बटर लावून तव्यावर ठेवून वरून दुसरा जड तवा दाबा, चीज बाहेर येऊन तव्यावर चरचरायला लागलं की उलटा.